गाडी मिसिंग मारतेय म्हणून लगेच चारही प्लग बदलू नका

पाऊस सुरू झाला की एक मेसेज हमखास फिरतो, यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण आलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की गाडी मिसिंग मारतेय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटायचं चुकतंय, झटके देतेय आणि चेक इंजिनचा दिवा लागलाय तर गॅरेजला जायची गरजच नाही. चारही स्पार्क प्लग बदला, बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, मिस मारणारा सिलिंडर शोधायला चालू इंजिनवर एकेक प्लगची वायर ओढून बघा, आणि तरी नाही गेलं तर दोष ई२० पेट्रोलचा, बिनधास्त चालवत राहा.

आधी ते 'चालवत राहा' घेतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यातच आहे. दिवा नुसता लागून राहिलाय आणि दिवा लुकलुकतोय यात खूप फरक आहे. लुकलुकतोय म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय, आणि असंच चालवलं तर कन्व्हर्टर आतून वितळू शकतो. त्याचं बिल एका कॉइलच्या (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) कितीतरी पट येतं. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर असा दिवा लुकलुकायला लागला तर एक्सिलरेटर सोडा, डावीकडे घ्या, इंजिन बंद करा आणि सरळ टो मागवा.

आणि ई२०? त्यात २० टक्के इथेनॉल असतं, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे मायलेज थोडं पडतं हे खरंय, जुन्या गाड्यांच्या रबरी पाइपांची काळजी पण खरी आहे. पण टाकीतलं पेट्रोल सगळ्या सिलिंडरना तेच जातं ना, मग एकटा तीन नंबरच का मिस मारेल? पंपावर भरल्या भरल्या सगळीच गाडी अडखळायला लागली तर पेट्रोलात पाणी असल्याचा संशय घ्या, ती गोष्ट वेगळी.

आता प्लग. प्लगचे किलोमीटर झाले असतील तर बदला, त्यात वाद नाही. पण पावसात अचानक सुरू झालेलं मिसिंग बऱ्याचदा कॉइलच्या रबरी बूटचं असतं, बूटला बारीक चीर जाते, प्लगच्या खड्ड्यात ओल उतरते आणि ठिणगी प्लगच्या टोकापर्यंत न पोचता मधेच बाजूच्या हेडला (इंजिनच्या वरच्या धातूच्या भागाला) उडते. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग गेलं असेल तर त्याच खड्ड्यात ऑइल साचतं. आणि आपल्या मुंबईत रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांनी तर सगळ्यात आधी बोनेट उघडून इंजेक्टर (सिलिंडरला पेट्रोल देणारा भाग) आणि कॉइलच्या वायरी बघाव्यात, उंदीर त्या कुरतडतात. यातलं काहीही नुसत्या नव्या प्लगने बरं होत नाही.

घरी करायचंच असेल तर आधी कुठला सिलिंडर ते शोधा. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर फार महाग नसतो, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावा आणि मोबाइलवर कोड वाचा. पी०३०१ म्हणजे एक नंबर, पी०३०२ दोन नंबर असं, पी०३०० आला तर मिसफायर, म्हणजे मिसिंग, कुठल्या एका सिलिंडरचं असं सांगता येत नाही. समजा पी०३०३ आलाय. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, तीनची कॉइल एकवर आणि एकची तीनवर लावा, कोड पुसा, चक्कर मारून या. आता पी०३०१ आला तर कॉइलच गेलीय, एकच घ्या. कोड तीनवरच राहिला तर तसंच प्लगचं करा, फक्त प्लग आधी हाताने फिरवून बसवा आणि मगच पाना लावा, हेड अॅल्युमिनियमचं असतं, आटे गेले की खर्च मोठा.

सीएनजीवाल्यांना तर स्कॅनरच्याही आधी एक चाचणी फुकटात करता येते, बटन दाबून पेट्रोलवर या. दोन्हीवर मिस मारतेय तर प्लग, कॉइल नाहीतर कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). फक्त पेट्रोलवर मारतेय तर पेट्रोल इंजेक्टरकडे बघा. फक्त सीएनजीवर मारत असेल तर गॅसचे इंजेक्टर, फिल्टर किंवा गॅसचा दाब कमी करणारा रिड्युसर असू शकतो, पण कॉइल अजून सुटत नाही, कारण सीएनजी पेटवायला स्पार्कला जास्त व्होल्टेज लागतं आणि कमजोर कॉइल आधी तिथेच उघडी पडते.

बॅटरी काढून दिवा विझतो, हो. पण कोड पुसला जातो, आणि बिघाड झाला तेव्हा आरपीएम किती होता, इंजिन किती गरम होतं ही नोंद पण जाते, म्हणजे मेकॅनिकला लागणारा पुरावाच गेला. दोष जागेवर असतो, दिवा परत लागतोच.

वायर ओढून बघायची युक्ती काळ्यापिवळ्या पद्मिनीच्या, कार्ब्युरेटरच्या जमान्यातली आहे. आताच्या बऱ्याच गाड्यांत प्लगवरच कॉइल बसते, तिथे हजारो व्होल्ट असतात, ओल्या हाताने तर अजिबात नको, शिवाय मोकळ्या सुटलेल्या स्पार्कने चांगली कॉइल पण जळू शकते.

कॉइल आणि प्लग दोन्ही फिरवून कोड तिथेच राहिला तर घरचं काम तिथे थांबतं. मग इंजेक्टर किंवा कम्प्रेशन, आणि बरीच वर्षं सीएनजीवर चाललेली गाडी असेल तर टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण बंद व्हावा म्हणून ठेवलेली फट, कमी होऊन व्हॉल्व्ह नीट बसत नसेल. गॅरेजला गेल्यावर नुसतं 'झटके देते' सांगू नका, कोड सांगा, काय काय अदलाबदल केली ते सांगा आणि कम्प्रेशन चेक करून प्रत्येक सिलिंडरचा आकडा मागा.