खुलासा : बिडाच्या भांड्याला साबण चालतो

‘बिडाच्या तव्याला साबण लावला की तवा कायमचा बिघडतो’ असा मेसेज फिरतोय. मागे मीही हेच लिहिलं होतं. ते चुकीचं होतं.

बिडावरचा काळा, तुळतुळीत थर म्हणजे नुसतं तेल नव्हे. तेलाचा पातळ हात देऊन भांडं कडक तापवलं की तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि धातूला घट्ट चिकटलेला लेप तयार होतो. भांडी धुण्याचा सौम्य साबण सुटं तेल काढतो; हा लेप त्याने विरघळत नाही. पूर्वीच्या साबणांत कॉस्टिक सोडा उरलेला असे आणि तो लेप खाऊन टाकी. सल्ला त्या काळचा आहे. मी स्वतः आता रोज साबणानेच धुते, थर शाबूत आहे.

खरी भीती पाण्याची. भांडं भिजत ठेवू नका, धुतल्याबरोबर पुसा, आचेवर कोरडं करा, तेलाचं बोट फिरवा. आंबट पदार्थ तासन्‌तास शिजवल्यानेही लेप उतरतो. तरी भांडं वाया जात नाही, पुन्हा तेल लावून तापवलं की थर चढतो.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर तिथेच हा खुलासाही टाका.