घर हिरवे करायचे, तर आधी फोडावे

पर्यावरणाची काळजी वाटू लागलेल्या गृहस्थाने सर्वप्रथम आपल्या घराची फरशी उखडून काढावी. टपकणाऱ्या नळाचा वायसर बदलणे, कपडे गॅलरीतल्या दोरीवर वाळत घालणे, भर दुपारी खिडकीला ओला पडदा लावणे हे सगळे उपाय आपल्या आईवडिलांनी काटकसर म्हणून करून ठेवलेले असल्यामुळे त्यांत पर्यावरणप्रेम दिसून येत नाही. ते दिसायला हवे असेल, तर खर्च झाला पाहिजे, आणि खर्च व्हायचा असेल, तर आधी जे धडधाकट आहे ते मोडले पाहिजे. ही गोष्ट एकदा मनाशी पक्की केली, की पुढच्या सूचना पाळणे जड जाणार नाही.

फरशीपासूनच सुरुवात करण्याचे कारण असे, की घरातील सर्वांत चिवट वस्तू तीच असते. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या सोसायटीत आपला फ्लॅट असेल, तर तिथे बहुधा मोझेक असणार. संगमरवराच्या खाणीत आणि कारखान्यात जो चुरा आणि तुकडे उरतात, ते पांढऱ्या सिमेंटात कालवून, साच्यात दाबून आणि बसवल्यावर मशीनने घासून ही फरशी तयार होते. म्हणजे टाकाऊपासून टिकाऊ हा शब्दप्रयोग शाळेच्या कार्यानुभवाच्या वहीबाहेर खरोखर कुठे लागू पडत असेल, तर तो इथे. तिच्यासाठी जो काही धूर व्हायचा तो आपण शाळेत असतानाच होऊन गेला, पैसे वडिलांनी भरले आणि झीज अजून निम्मीही झालेली नाही. ती नुसती निस्तेज झाली आहे. त्यावर जुना उपाय म्हणजे घासाईवाल्याला बोलावणे. तो तीन-चार नंबरचे दगड लावून मशीन फिरवतो, घरभर पांढरा चिखल करतो, शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर टाकून चकाकी आणतो आणि दोन-तीन दिवसांत निघून जातो. आमच्या खालच्या मजल्यावरील मावशींनी गेल्या वर्षी हेच केले. परिणाम असा झाला, की त्यांची फरशी नवीकोरी दिसू लागली आणि आलेल्या पाहुण्यांना सांगण्यासारखे त्यांच्याजवळ काहीच उरले नाही.

आपण मावशींच्या वाटेने जाऊ नये. आपण इंटिरिअर डिझायनरला बोलवावे. तो टॅबवर जी चित्रे दाखवील त्यांत पांढऱ्या जमिनीवर हिरवे, तांबूस, करडे तुकडे विखुरलेली एक फरशी असेल, आणि ती आपल्याला कुठेतरी पाहिल्यासारखी वाटेल. तसे वाटल्यास खाली पाहू नये. चित्रातल्या फरशीचे नाव टेराझो आहे. व्हेनिसच्या कारागिरांनी संगमरवराचे वाया जाणारे तुकडे चुन्यात बसवून शेकडो वर्षांपूर्वी ही पद्धत रूढ केली. आपल्या पायाखाली आहे ते तिचेच भावंड, फक्त त्याला नाव मराठी घरात मिळाले आणि भाव मिळालाच नाही. आता जी टेराझो आपल्या घरी येईल ती व्हेनिसहून येणार नाही, आणि तिच्यात संगमरवराचा तुकडाही नसेल. ती गुजरातेत मोरबीला तयार झालेली व्हिट्रिफाइड टाइल असेल, बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या भट्टीतून निघालेली, आणि तिच्यावरचे तुकडे म्हणजे शाईने छापलेले चित्र असेल. मोझेक उखडून मोझेकच्या छायाचित्रावर चालणे हा अनुभव पर्यावरणाच्या दृष्टीने किती मोलाचा आहे, हे खोक्यावर छापलेल्या हिरव्या पानावरून समजून घ्यावे.

उखडलेल्या मोझेकचे पुढे काय होते, या चौकशीत पडू नये. कामगार ती सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरतील, लिफ्टला सोसायटीने लावलेला प्लायवुड ओरखडेल म्हणून जिन्याने उतरवतील, आणि रात्री टेम्पो येईल. बांधकामाच्या राडारोड्यासाठी केंद्र सरकारने २०१६ सालीच वेगळे नियम केले. तो कचरा इतर कचऱ्यात न मिसळता, ठरवून दिलेल्या केंद्रावर पोहोचवण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली. म्हणजे आपल्यावर. परंतु टेम्पोवाल्याने सांगितलेला भाव आणि केंद्रापर्यंतचे अंतर यांचा हिशेब जुळत नाही, हे लक्षात येण्याइतके त्या वेळी जागे असण्याचे कारण नाही.

यानंतर लाकूड. घरात आजीचे सागवानी कपाट असल्यास ते आधी निकालात काढावे. त्याच्या बिजागऱ्या पितळी आहेत, फळ्या अखंड आहेत, सांधे खिळ्याशिवाय कूस-भोक पद्धतीने बसवलेले आहेत, आणि ऐंशी वर्षांत त्यातले लाकूड जेवढे आकसायचे तेवढे आकसून झाल्यामुळे त्याचे दार पावसाळ्यातही अडकत नाही. अशा वस्तूबरोबर राहणाऱ्याला फर्निचर बदलण्याचे निमित्तच सापडत नाही. भंगारवाला त्याचे जे देईल ते घ्यावे. त्याच कपाटाच्या फळ्या रंधून, त्यांना मुद्दाम चार खिळ्यांची भोके पाडून एखाद्या झगझगीत दालनात ‘रिक्लेम्ड टीक’ या नावाने मांडलेल्या दिसल्यास किंमत पाहून दचकू नये, कारण त्या किमतीत आता निसर्गाचाही वाटा धरलेला असतो. पुण्यातले वाडे पडत गेले आणि त्यांचे खांब, तुळया भवानी पेठेतल्या लाकूडबाजारात येत गेल्या, तेव्हा त्यांना नुसते जुने लाकूड म्हणत. इतक्या वर्षांचा धंदा त्या एका शब्दापायी बुडाला.

दालनातले परवडत नसेल, तर प्लायवुडवर सागाचा व्हिनिअर चिकटवून घ्यावा. हा पापुद्रा साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो, त्यामुळे सागाचे झाड वाचते. वाचलेल्या झाडाचे नंतर काय होते तो निराळा विषय आहे. आतला प्लाय बहुधा यमुनानगरच्या बाजूच्या पॉप्लरचा आणि नीलगिरीचा असतो. ही झाडे शेतात लावलेली असतात, म्हणजे जंगल तुटत नाही, आणि इथपर्यंत मला उपहास करायला खरोखरच जागा सापडत नाही. अडचण थरांच्या मधल्या डिंकाची आहे. स्वस्त प्लायमधला युरिया फॉर्माल्डिहाइडचा डिंक महिनोन्महिने थोडाथोडा वायू सोडत राहतो, उष्ण आणि दमट हवेत जास्तच सोडतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला २००४ साली माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात बसवले. त्यामुळे कमी उत्सर्जनाचा, ‘ई-वन’ किंवा ‘ई-झिरो’ शिक्का असलेला प्लाय मागावा. तो दिवाणखान्यातल्या टीव्हीच्या भिंतीला लावावा, कारण ती पाहुण्यांना दिसते. मुलांच्या खोलीतल्या बंकबेडला आणि माळ्याला मिस्त्री आणील तो चालतो, कारण तिथे आत कोणी वाकून शिक्का पाहत नाही.

रंगाच्या बाबतीत अधिक दक्षता बाळगावी. भिंतींना कमी व्हीओसीचाच, म्हणजे वाळताना हवेत उडून जाणारी रसायने कमी असलेलाच रंग हवा असा आग्रह धरावा आणि रंगाऱ्याला त्याचा अर्थ विचारून खजील करावे. मग गडद शेवाळी छटा निवडावी. त्या छटेसाठी दुकानातल्या मशीनमधून जे रंगद्रव्य डब्यात पडते, त्यात कित्येकदा व्हीओसी असतातच, पण ते डब्यावरच्या आकड्यात धरलेले नसतात. भिंती अशा शुद्ध झाल्यानंतर त्याच खोलीत सगळ्या फर्निचरला पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे हात मारून घ्यावेत. थिनरच्या वासाने शेजाऱ्यांचे डोके धरले, तर तो वास भिंतींचा नव्हे, लाकडाचा आहे, असे त्यांना समजावून सांगावे.

शुद्धतेची याहून मोठी ओढ असेल, तर खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने १२ जानेवारी २०२१ रोजी बाजारात आणलेला शेणाचा रंग आहे. सुटीत गावी गेल्यावर सारवलेल्या जमिनीवर मांडी घालायची वेळ आली, की ज्यांनी रुमाल पसरला, त्यांना आता हेच शेण डब्यातून, ब्रशने आणि बिलासह मिळू शकते. साधा चुना मात्र टाळावा. तो स्वस्त आहे, त्याला बुरशी सहज लागत नाही, आणि भिंतीवर घट्ट होताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषून घेतो. पण टेकून बसले की सदऱ्याला लागतो, आणि मुख्य म्हणजे त्याचे शेड कार्ड नसते.

बांबूशिवाय हिरवे घर पुरे होत नाही. बांबू हे गवत आहे, हे आपल्याला नेहमी ठाऊक होते. कायद्याला ते उमगायला २०१७ साल उजाडावे लागले, आणि तेव्हा कुठे जंगलाबाहेर वाढलेला बांबू १९२७ च्या वन अधिनियमातील झाडांच्या व्याख्येतून सुटला. आता कोकणातला शेतकरी बांधावरचा माणगा बांबू निर्धास्तपणे तोडू शकतो. आपण तो घेऊ नये. आपण चीनमध्ये वाढलेला, पट्ट्या काढून डिंकात भिजवलेला, दाबून फळी केलेला आणि समुद्रमार्गे न्हावाशेव्याला उतरलेला बांबू घ्यावा, कारण तो बांबूसारखा दिसत नाही. त्याचप्रमाणे खिडकीला चिक हवी असल्यास बुरुड आळीत जाऊ नये. तिथला माणूस माप विचारतो, समोर बसून विणतो आणि उरलेल्या कामट्या टोपलीला वापरतो. या व्यवहारात ना खोका, ना प्रमाणपत्र, ना त्या वस्तूची ‘कहाणी’ सांगणारे कार्ड. घरात कुणी खडबडीत भिंतींचे वेडे असेल, तर पोर्तुगालचे बूच आहेच. झाड न तोडता दर नऊ वर्षांनी त्याची साल सोलतात, ही गोष्ट सांगायला चांगली आहे, आणि सांगताना ती साल किती बंदरे करून आली हे कोणी विचारत नाही. (पुण्याच्या रस्त्यांवर जी पांढऱ्या फुलांची बुचाची झाडे आहेत, त्यांचा याच्याशी संबंध एवढाच, की त्यांच्या सालीचे हलके बूच एकेकाळी होत असे. त्यांच्याकडे जाताना पाहू नये. तीही आता रस्तारुंदीत आहेत.)

फॉल्स सीलिंग, तिच्या पोटातले चाळीस दिवे आणि सोबतीला आलेला मोठा एसी यांविषयी विशेष लिहीत नाही. दिवे एलईडी आहेत, एवढे म्हटले की पुरते.

काम आटोपले, वास्तुशांत झाली, पाहुणे छापील टेराझोवरून फिरून गेले, की एखाद्या रविवारी नदीकाठच्या रस्त्याने गाडी काढावी. शक्यतो पहिल्या पावसानंतर. वर्षभर धुळीत करडे पडलेले राडारोड्याचे ढीग तेव्हा धुऊन निघालेले असतात, आणि त्यांत मोझेकचे तुकडे उन्हात लखलखत असतात. पांढऱ्यात हिरवे आणि तांबूस ठिपके असलेला ढीग असेल, तर तो आपला. घासाईवाल्याने केली नसती, इतकी चकाकी त्याला आलेली असते.