ठोकळे घासलेले नाहीत, साहेब: एका ताऱ्याच्या अभिप्रायाला मालकिणीचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय काल रात्री आमचं हे खेळांचं कॉफी-दुकान आवरताना वाचला. तारा एक आणि त्याखाली तक्रारी चार. कॉफी गार आली. चाळीस मिनिटं बसलो तरी पैसे पूर्ण तासाचे लावले. जेंगाचे, म्हणजे मनोऱ्यातून लाकडी ठोकळा काढून वर ठेवायच्या खेळाचे, ठोकळे "घासून कमीजास्त झालेले, पुरात भिजलेला माल" आहेत. आणि 'पंचवीस थर रचा, कॉफी आमच्याकडून' ही आमची पाटी म्हणजे फसवणूक आहे, कारण एवढे थर कोणालाच जमत नाहीत आणि जमायला लागले की काउंटरवरचा पोरगा नवीन नियम काढतो.

कॉफीबद्दल माफ करा. रविवारची गर्दी होती, पण गार कॉफी टेबलावर जायला नको होती. तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं तर दुसरी करून दिली असती, एवढंच.

तासाच्या पैशांचं म्हणाल तर माणशी साठ रुपये, कमीत कमी एक तास, हे दारावर लिहिलंय, बिलावरही छापलंय. युनिव्हर्सिटीची चार मुलं बाहेर जिन्यावर ताटकळत होती आणि तुमचं टेबल आम्ही तुमच्यासाठीच अडवून ठेवलं होतं. तुम्ही लवकर उठलात तो तुमचा निर्णय. असो.

आता ठोकळे. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण तुमचं वाचून उद्या दुसरं कोणी म्हणेल की सयाजीगंजातली ती बाई खराब माल ठेवते, आणि हे दुकान माझ्या घराचं पोट आहे.

आधी पुराचं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या शटरच्या आत आलं होतं. कॅरमबोर्ड फुगले, पत्त्यांचे जोड चिकटून लगदा झाले, जेंगाचे संच तर गाळातच गेले. त्यातला एकही ठोकळा मी परत वापरायला काढला नाही. सगळं भंगारात दिलं आणि उधारी करून नवीन घेतलं. तुम्ही बडोद्याचेच आहात, त्या दिवसांत कोणाकोणाचं काय काय गेलं ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून ते वाक्य तुमच्या हातून आलं याचं जास्त लागलं.

राहिली जाडी. ठोकळे एकसारखे नाहीत, हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. पण ते आमच्याकडे घासून तसे झालेले नाहीत, खोक्यातूनच तसे येतात. ठोकळ्याचं माप साधारण दीड सेंटीमीटर जाड, अडीच रुंद आणि साडेसात लांब. लांबी रुंदीच्या तिप्पट, म्हणून तीन शेजारी ठेवले की चौकोन जुळतो आणि पुढचा थर आडवा बसतो. पण या मापात प्रत्येक ठोकळ्याला केसभर फरक ठेवलेला असतो. तो फरक हाच खेळ आहे. एका थरातले तिन्ही ठोकळे तंतोतंत सारखे असते तर वरचा भार तिघांवर सारखा पडला असता आणि प्रत्येक जण दाबला गेला असता. त्यातला एखादा केसभर पातळ असतो, म्हणून भार त्याच्या दोन सोबत्यांवर जातो आणि तो सैल राहतो. बोटाने हलकेच ढकलून बघायचं ते कोणता सैल आहे हे कळायला. शिवाय वर चार ठोकळे चढले की भार सरकतो आणि मघाशी सैल असलेला आता घट्ट होतो. तुम्ही लिहिलंय, "एकदा हलणारा ठोकळा नंतर हलेना, म्हणजे काहीतरी गडबड आहे." गडबड काही नाही. असंच होतं, सगळ्यांच्या बाबतीत होतं.

पावसाळ्यात थोडा त्रास होतो, तेही सांगून टाकते. दमट हवेत लाकूड जाडीला आणि रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये ठोकळे जरा हट्टी होतात. आम्ही संच बंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवतो.

यावरून तिसरी गोष्ट, जी तुमच्या अभिप्रायात नाही. तुमच्या मोठ्या मुलाने शेजारच्या टेबलावरची कॅरमची पावडर आणून ठोकळ्यांना चोळली. लहान आहे, हरकत नाही, मी काही बोलले नाही. पण पावडर लावलेले ठोकळे निसटतात, आणि ते निसटले की मनोरा वेडावाकडा होतो. शेजारी खेळणारं जोडपंही पावडर शोधत बसलं. तुम्ही गेल्यावर चोपन्नच्या चोपन्न ठोकळे माझ्या पुतण्याने कोरड्या फडक्याने पुसले. "स्टाफ निव्वळ उभा होता" असं तुम्ही ज्याच्याबद्दल लिहिलंत, तोच हा.

आता त्याने 'काढलेला' एका हाताचा नियम. साहेब, तो नियम आमचा नाही, खोक्यातल्या कागदावर छापलेला आहे. लेस्ली स्कॉट नावाच्या बाईंनी हा खेळ १९८३ साली लंडनच्या खेळण्यांच्या जत्रेत पहिल्यांदा मांडला. त्यांच्या घरी आफ्रिकेत असताना लाकडी ठोकळ्यांवर तो आधीपासून खेळला जात होता. तेव्हापासून नियम मोजकेच आहेत. तीन-तीनचे अठरा थर, एकाआड एक आडवे. सगळ्यात वरच्या पूर्ण थराच्या खालून कुठूनही एक ठोकळा काढायचा आणि वर ठेवायचा. वरचा थर तीनने भरल्याशिवाय नवीन थर सुरू करायचा नाही. एका वेळी एकच हात लावायचा, उजवा चालतो, डावा चालतो, मध्येच बदललात तरी चालतो, पण दोन्ही एकदम नाही. ढकलून बघितलेला ठोकळा नको असेल तर आधी जागेवर बसवायचा, मग दुसऱ्याला हात लावायचा. तो बसवताना मनोराच पडेल असं वाटलं तर मात्र सोडून द्यायचा. ठोकळा वर ठेवल्यावर दहा सेकंद मनोरा उभा राहिला, किंवा पुढच्याने हात लावला, की तुमची पाळी संपली. ज्याच्या हातून पडला तो हरला, त्याच्या आधी ज्याने नीट ठेवला तो जिंकला.

तुमचे बावीस थर पूर्ण झाले होते आणि तेविसाव्यावर दोन ठोकळे होते. त्या वेळी मुलाने एका हाताने मनोरा धरला आणि दुसऱ्याने ठोकळा ओढला. पुतण्या म्हणाला, "दादा, हा धरला जाणार नाही, परत ठेव आणि एका हाताने काढ." त्याने ऑफर रद्द केली नव्हती. त्यावर तुम्ही टेबलावर हात आपटलात. मनोरा पुतण्याने पाडला असं तुम्ही लिहिलंय. कॅमेऱ्याचं चित्रण माझ्याकडे आहे. मी ते कुठेही टाकणार नाही, लहान मुलं आहेत त्यात. पण तुम्हाला बघायचं असेल तर काउंटरवर या, मी दाखवीन.

पंचवीस थर अशक्य, हेही खरं नाही. रॉबर्ट ग्रेबलर नावाच्या खेळाडूने १९८५ मध्ये चाळीस थर पूर्ण करून एक्केचाळिसाव्यावर दोन ठोकळे ठेवले होते, आणि हा खेळ विकणारे आजही तोच सगळ्यात उंच मनोरा म्हणून सांगतात. आम्ही पंचवीसच मागतो. कॉलेजची पोरं ही कॉफी जिंकून गेलेली आहेत.

तुमचं कुठे अडलं ते सांगू का? राग मानू नका, मी काउंटरवरून बघत होते. पंचवीस थरांसाठी खालून एकवीस ठोकळे वर न्यावे लागतात, म्हणजे अठरा थरांतून थरामागे एकापेक्षा जास्त. तुम्ही आणि मुलं मधलाच ठोकळा शोधत होता, कारण तो सरळ ढकलून बाहेर येतो. पण मधला गेला की तो थर दोन कडांवर उभा राहतो. मग त्यातली कोणतीही कड काढली तर वरचा भार आधाराच्या बाहेर जातो आणि सगळं खाली येतं. म्हणजे त्या थरातून एकच ठोकळा मिळाला, पुढे तो थर कायमचा बंद. त्याऐवजी एक कड काढली तर मधला आणि दुसरी कड उभी राहते, आणि नंतर हात स्थिर असेल तर ती दुसरी कडही निघते. मधला एकटा पुरतो, कारण तो बरोबर मध्यावर असतो. एका थरातून दोन. मधलेच काढत गेलात तर अठरा थरांचे अठरा, म्हणजे वर सहा थर, हिशेब चोविसावर थांबतो. वरच्या नव्या थरांतून आणखी काढता येतात, पण तोवर खालचं सगळं पोकळ झालेलं असतं आणि हात थरथरायला लागतो.

हे तुमच्या टेबलावर एकाला माहीत होतं. तुमच्या वडिलांना. मी त्यांचं नाव विचारलं नाही, पण ते जसे खेळले तसं आमच्याकडे क्वचित कोणी खेळतं. प्रत्येक ठोकळ्याला एका बोटाने टिचकीएवढा धक्का, नाही हलला तर लगेच सोडून पुढचा. कडा तेवढ्याच काढत होते. मनोरा खिडकीकडे झुकला तेव्हा त्यांनी वरचा ठोकळा मुद्दाम भिंतीच्या बाजूला ठेवला आणि तो पुन्हा सरळ झाला. जुम्मादादा व्यायाम मंदिरात लहानपणी मल्लखांब केल्याचं ते पुतण्याला सांगत होते, मला आश्चर्य वाटलं नाही. त्यांची पाळी आली की तुम्ही "बाबा, लवकर करा" म्हणत होता. दहा सेकंदांचा नियम ठोकळा ठेवल्यानंतरचा आहे साहेब, विचार करायला वेळेचं बंधन नाही.

तुम्ही लिहिलंत की अशा जागा चार दिवसांच्या असतात. असतीलही. भाडं दर महिन्याला वाढवून मागतात, मुलं घरी फोनवर खेळतात, आणि एका ताऱ्याचा अभिप्राय वर दिसतो तेव्हा शनिवारची दोन-तीन टेबलं रिकामी राहतात. ते तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही.

बदल करतोय. पाटीखालची 'एका वेळी एक हात' ही अक्षरं मोठी करू, छापलेला नियमांचा कागद टेबलावर ठेवू, पावडरचा डबा कुठेतरी वर ठेवू. कॉफीचंही बघते.

उरलेल्या वीस मिनिटांचे चौघांचे ऐंशी रुपये होतात. बिल घेऊन या, परत देईन, वाद नको. आणि बाबांना सोबत आणा. त्यांच्या तासाचे पैसे मी घेणार नाही. तुमचे घेईन. सोमवारी आम्ही बंद असतो.