लीड लहान केली म्हणजे मशीन अचूक होत नाही

‘लीड जितकी लहान तितकं मशीन अचूक, घरगुती सीएनसीच्या तिन्ही अक्षांवर २ मिमी लीडचाच टी८ स्क्रू लावा. ताकदही चौपट मिळते, वेग थोडासाच कमी होतो.’ हा सल्ला सगळीकडे फिरतो आहे. (सीएनसी म्हणजे संगणकाने चालणारं कापण्याचं मशीन, टी८ म्हणजे त्याचा अक्ष सरकवणारा ८ मिमी व्यासाचा स्क्रू, आणि लीड म्हणजे स्क्रूच्या एका फेऱ्यात नट जेवढा सरकतो ते अंतर.) पहिलं मशीन बांधणारे तो वाचून थेट स्क्रू मागवतात, म्हणून एकेक मुद्दा तपासायलाच हवा.

आधी अचूकता. एका फेऱ्यात २०० स्टेप घेणारी मोटर (स्टेपर) एका पूर्ण स्टेपला ८ मिमी लीडवर ०.०४ मिमी सरकवते, २ मिमीवर ०.०१. इथवर बरोबर. पण नटमध्ये ०.१ मिमी प्ले (ढिलेपणा) असेल तर दिशा बदलताना तेवढं अंतर वाया जाणारच, लीड कोणतीही असो. एक वर्तुळ कापून बघा: अक्ष जिथे उलटा फिरतो तिथे कड चपटी येते. दोष बहुधा नटचा, नाहीतर मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या, स्प्रिंगसारख्या दबणाऱ्या सर्पिल कपलिंगचा असतो. अक्षीय भार (स्क्रूच्या लांबीच्या दिशेचा जोर) मोटरच्या शाफ्टवर येऊ देऊ नका. स्क्रूच्या एका टोकाला असा जोर पेलणाऱ्या अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी बसवा. प्ले काढणारा स्प्रिंगचा अँटी-बॅकलॅश नट वापरत असाल तर कापण्याचा जोर स्प्रिंगपेक्षा वाढला की तोही उघडतो. मोजायचं असेल तर डायल गेज लावून अक्ष एकाच दिशेने थोडा सरकवा, शून्य करा आणि १ मिमी मागे यायची आज्ञा द्या. गेजने ०.९ दाखवलं, तर प्ले ०.१.

८ मिमीवरून २ मिमीवर आलं की ताकद चौपट, हा हिशेब घर्षण विसरतो. घर्षणांक ०.२ धरला तर टी८ची कार्यक्षमता ८ मिमी लीडवर साधारण ५९ टक्के, २ मिमीवर ३०. म्हणजे जोर दुप्पटच वाढतो. १६०५ बॉलस्क्रूची (१६ मिमी व्यासाचा, नटमध्ये गोळ्या फिरणारा स्क्रू) लीड ५ मिमी, पण कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास. तेवढ्याच टॉर्कवर तो २ मिमीच्या टी८पेक्षा जास्तच रेटतो.

आणि वेग? ३००० मिमी प्रति मिनिटासाठी २ मिमी लीडला १५०० आरपीएम लागतात, ५ मिमीला ६००. १५०० आरपीएमवर स्टेपरचा टॉर्क पार उतरतो आणि स्टेप सुटतात. शिवाय दोन्ही टोकांना साधा आधार असलेला मीटरभर लांब टी८ ६०० आरपीएमच्या आसपासच थरथरायला लागतो.

२ मिमीची खरी जागा झेड (वर-खाली सरकणाऱ्या) अक्षावर आहे. वीज गेली तरी स्पिंडल (कापणारं टूल फिरवणारा भाग) खाली घसरत नाही. चार सुरुवातींचा (चार समांतर आट्यांचा) ८ मिमी लीडचा स्क्रू किंवा बॉलस्क्रू ही खात्री देत नाही, तिथे ब्रेक किंवा प्रतिभार लावावा लागतो.