पाचशे डॉलरची नोंद

माझी नोकरी दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात गेली. त्यामुळे असेल, पण खेळाच्या इतिहासातही मला स्कोअरपेक्षा जमाखर्चाचा कागद जास्त बोलका वाटतो. अमेरिकन फुटबॉलचा असा एक कागद ओहायोतल्या कॅन्टनच्या संग्रहालयात जपून ठेवलाय. १८९२ सालचा, अ‍ॅलेगेनी अ‍ॅथलेटिक असोसिएशनचा. अ‍ॅलेगेनी म्हणजे तेव्हा पिट्सबर्गच्या नदीपलीकडचं वेगळं गाव.

तो जमाना ‘हौशी’ खेळाचा. पैसे घेऊन खेळणं म्हणजे बाटणं. मग क्लब काय करत? खेळाडूला सोन्याचं घड्याळ बक्षीस द्यायचे. तो ते गहाण ठेवून पैसे घ्यायचा, क्लब सोडवून आणायचा आणि पुढच्या मॅचनंतर तेच घड्याळ पुन्हा त्यालाच! सोवळं शाबूत, खिसाही गरम.

अ‍ॅलेगेनीचं हाडवैर शेजारच्या पिट्सबर्ग अ‍ॅथलेटिक क्लबशी. ऑक्टोबरातली मॅच ६-६ अशी बरोबरीत सुटली आणि भांडण पेटलं. पिट्सबर्गचा कर्शनर हा त्यांच्याच क्लबात व्यायाम शिकवणारा पगारी माणूस. अ‍ॅलेगेनीचा आरोप असा, की फुटबॉलच्या दिवसांत त्याचा पगार वाढतो आणि वर्ग कमी होतात. (आपल्याकडच्या स्पोर्ट्स कोट्यातल्या नोकऱ्या आठवल्या ना? मलाही.)

मग १२ नोव्हेंबरच्या मॅचला अ‍ॅलेगेनीने थेट विल्यम हेफेलफिंगर मैदानात उतरवला. येल विद्यापीठाकडून खेळलेला धिप्पाड गार्ड (पुढच्या फळीत प्रतिस्पर्ध्यांना भिडणारा खेळाडू), टोपणनाव ‘पज’, म्हणजे गोलू. पोटापाण्याला ओमाहात रेल्वेत कारकुनी. त्याला बघून पिट्सबर्गवाले चिडून मैदानाबाहेर गेले. वादावादी झाली, लावलेल्या पैजा रद्द केल्या, तेव्हा कुठे खेळ सुरू झाला. गंमत म्हणजे पिट्सबर्गनेच आधी त्याला २५० डॉलर देऊ केल्याची बातमी पेपरात आली होती. म्हणजे राग पैसे दिल्याचा नव्हताच, जास्त दिल्याचा होता! पजने प्रतिस्पर्ध्याच्या हातून चेंडू सोडवला, उचलला आणि धावत जाऊन टचडाऊन केला, म्हणजे चेंडू त्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला. तेव्हा टचडाऊनचे ४ गुण. मॅच तिथेच संपली म्हणा, ४-०.

कागदावर त्याच्या नावापुढे ‘खेळल्याबद्दल’ रोख ५०० डॉलर आहेत. गोलगोल शब्द नाहीत, घड्याळ नाही. ही नोंद लिहिणाऱ्या माणसाला माझा सलाम. आतबट्ट्याचा व्यवहारही नव्हता, एकूण जमा १,६८३.५० आणि खर्च १,०६२. पुढच्या आठवड्यात डॉनली नावाच्या खेळाडूला २५० दिले आणि मॅच ८-० अशी हरले, तो भाग वेगळा.

हा कागद उजेडात आला १९६० च्या दशकात. तोवर पहिल्या पगारी खेळाडूचा मान १८९५ साली लट्रोब गावाच्या संघाकडून १० डॉलरवर खेळलेल्या ब्रेलियरकडे होता. १० डॉलर! बिचारा.

मला राग येतो तो क्लबांच्या सोवळ्याचा. गेटवर तिकिटं विकायची, पैजा लावायच्या, नफा मोजायचा आणि ज्याची हाडं मोडतात त्याने मात्र हौसेने खेळायचं. रेल्वेतल्या कारकुनाने ५०० मागितले तर त्यात पाप कसलं?

१८९६ मध्ये पैसे दिल्यावरून क्लबवर बंदी आली. तेव्हा अ‍ॅलेगेनीवाल्यांनी लाजच सोडली. अख्खी टीम पैसे देऊन उभी केली, दोन मॅच खेळले, दोन्ही जिंकले आणि दुकान बंद केलं.

जाता जाता: कागदावर नफा ६२१ डॉलर लिहिलाय. वजाबाकी करून बघा, ५० सेंट कुठेतरी गेलेत.