'पैसे देऊ नका, मूल उचला' सांगणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

एकच मेसेज गेल्या काही महिन्यांत मला सहा ग्रुपवर आला. शेवटी 'पटलं तर पुढे पाठवा' आहेच. सांगणं थोडक्यात असं: गरीब कुटुंबाच्या हातात पैसे देऊ नका, बाप पिऊन टाकतो. बाकीच्यांना आयतं खायची सवय लागते. मदतीच्या आशेने मुलं वाढवतात. ज्या संस्थेचा ऑफिसखर्च जास्त, ती संस्था नव्हे, दुकान. आणि मुलांचं भलंच करायचं असेल तर त्यांना 'त्या वातावरणातून' उचलून चांगल्या आश्रमात ठेवा.

पाठवणारी माणसं वाईट नाहीत. त्यातले दोघं दरवर्षी गाजावाजा न करता कुणाची तरी फी भरतात. म्हणूनच लिहितेय. ज्याला काही द्यायचंच नाही त्याच्याशी वाद घालून काय मिळणार?

आधी दारू. पिणारा बाप काल्पनिक नाही, आपण प्रत्येकाने एखादा पाहिलेला असतो. पण तो मदत येण्याआधीही पीतच होता. प्रश्न एवढाच, की हातात पैसे आल्यावर पिणं वाढतं का? जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा यांनी वेगवेगळ्या देशांतले १९ अभ्यास एकत्र तपासले. त्यांचा लेख २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. रोख मदतीने दारू-तंबाखूवरचा खर्च जवळपास कुठेच वाढलेला दिसला नाही, काही ठिकाणी तर तो घटला.

मग पैसा गेला कुठे? पश्चिम केनियात २०११ च्या सुमारास काही गरीब कुटुंबांना कसलीही अट न घालता रोख रक्कम दिली गेली. बऱ्याच घरांनी गवताचं छप्पर काढून पत्रे घातले. लांबून बघणाऱ्याला ही हौस वाटेल. पण गवताचं छप्पर गळतं, कुजतं, पुन्हा पुन्हा शाकारावं लागतं, आणि दर खेपेला थोडे थोडे पैसे खातं. पत्रा एकदाच मोठी रक्कम मागतो, आणि नेमकी तीच या लोकांच्या हातात कधी येत नव्हती. गरिबी महाग पडते ती अशी. हा हिशेब त्या घरच्या बाईला पाठ असतो; मेसेज लिहिणारा मात्र उंटावरून शेळ्या हाकतो.

आता आळस. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी मेक्सिको, होंडुरास, निकाराग्वा, मोरोक्को, फिलिपिन्स आणि इंडोनेशिया या सहा देशांतल्या सात रोख-मदत योजनांची आकडेवारी तपासली. मदत मिळाली म्हणून लोक काम सोडतात, असं काही पद्धतशीरपणे दिसलं नाही.

मला मात्र जिथे काम खरोखर कमी झालं ती जागा जास्त महत्त्वाची वाटते. केनियातच ६५३ गावांत एक मोठा प्रयोग झाला. दहा हजारांहून अधिक गरीब कुटुंबांना एकरकमी मोठी मदत दिली गेली. २०२५ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार त्या कुटुंबांतले बालमृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. कारणं शोधताना आढळलं, की बायकांनी गरोदरपणाच्या शेवटच्या आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यांत काम बरंच कमी केलं होतं. दवाखान्यातली बाळंतपणंही वाढली होती. नववा महिना लागलेली बाई शेतात वाकायची थांबली, याला कुणाला आळस म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. बाळ वाचलं.

एका बाबतीत मात्र मेसेजला थोडं झुकतं माप देते. न विचारता वाटलेल्या वस्तूंचं खरंच फारसं काही होत नाही. एल साल्वाडोरमध्ये मुलांना मोफत बूट वाटले आणि परिणाम मोजले. बहुतेक मुलांकडे आधीच काहीतरी पादत्राण होतं, त्यामुळे फरक नगण्य पडला. उलट 'आमच्या घरच्या गरजा दुसऱ्यांनी भागवाव्यात' असं म्हणणारी मुलं बूट मिळालेल्यांत थोडी जास्त निघाली. म्हणजे सवय लागण्याची भीती अगदीच निराधार नाही. फक्त ती रोख पैशाला चिकटवली जाते. फोटो काढून वाटलेल्या दप्तरांबद्दल कुणी असा मेसेज पाठवत नाही.

मुलं वाढवतात हा मुद्दा लवकर संपतो. मेक्सिको आणि निकाराग्वात मदतीमुळे जन्म वाढले नाहीत. होंडुरासमध्ये थोडे वाढले, कारण तिथल्या नियमांमुळे घरात नवं मूल आलं की मदत मिळण्याची शक्यता वाढत होती. खोट नियमात होती.

ऑफिसखर्चाचं गणित वरकरणी पटतं, म्हणूनच ते जास्त नडतं. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने २००२ मध्ये अतिगरीब कुटुंबांसाठी एक पद्धत सुरू केली: कमाईचं एखादं साधन, बहुधा जनावर, काही महिने खर्चाला पैसे, प्रशिक्षण, आणि घरी नियमित येणारा कार्यकर्ता. पुढे इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरूत दहा हजारांवर कुटुंबांत ती तपासली गेली, निष्कर्ष २०१५ मध्ये आले. मदत थांबून वर्ष झाल्यावरही कुटुंबं आधीपेक्षा बऱ्या स्थितीत होती. होंडुरासमध्ये दिलेल्या कोंबड्या रोगाने मेल्या आणि तिथला हिशेब तोट्यात गेला, हेही त्याच अहवालात आहे. आता सांगा, घरोघर फिरणाऱ्या त्या कार्यकर्त्याचा पगार 'मदत' की 'ऑफिसखर्च'? अहवालात तो कुठल्याही रकान्यात टाकता येतो. पण तो नसेल तर मूल शाळेत जायचं कधी थांबलं हे कळणार कुणाला?

राहिला शेवटचा मुद्दा. वाचताना सगळ्यात प्रेमळ वाटतो आणि सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो.

रोमानियात हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळल्यावर अनाथालयांची दृश्यं जगाने पाहिली: ओळीने पाळणे आणि न रडणारी मुलं. रडून कुणी येत नाही हे बाळ लवकर शिकतं. पुढे बुखारेस्टमध्ये संशोधकांनी संस्थांतली १३६ लहान मुलं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्म्यांना पालक कुटुंबात, म्हणजे मूल सांभाळायला घेणाऱ्या दुसऱ्या घरात, ठेवलं. साडेचार वर्षांच्या वयात संस्थेच्या गटाचा सरासरी बुद्ध्यांक ७३ च्या आसपास, कुटुंबाच्या गटाचा ८१ च्या आसपास. दोन वर्षांच्या आत घरात गेलेल्या मुलांना जास्त फायदा झाला. सगळ्या संस्था त्या काळच्या रोमानियासारख्या नसतात, मान्य. पण पाळीप्रमाणे बदलणाऱ्या कर्मचाऱ्यांना एकेका मुलाचं आपलं माणूस होता येत नाही. ही अडचण चांगल्या संस्थेतही उरतेच.

शिवाय ही मुलं बहुतेकदा अनाथ नसतातच. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात अनाथालयं ७५ टक्क्यांनी वाढली, आणि त्यांतल्या तीन चतुर्थांश मुलांचे आई-वडील, निदान एकजण, हयात होते. देणगीदार आणि परदेशी पाहुणे वाढले तशी अनाथालयं वाढली. संयुक्त राष्ट्रांची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वं तर स्पष्ट सांगतात, की केवळ गरिबी हे मूल घरापासून तोडण्याचं कारण होऊ शकत नाही. घरात मारहाण, अत्याचार असेल किंवा सांभाळणारं कुणीच नसेल, तर मूल बाहेर काढावंच लागतं, आणि तेव्हाही आजी, मावशी, पालक कुटुंब यांचा विचार आधी. बाकीच्यांसाठी आश्रम म्हणजे आगीतून फुफाट्यात.

मी स्वतः वर्षभर एका संस्थेत दर रविवारी शिकवायला जायचे. तिथल्या नऊ वर्षांच्या एका मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर एक फोन नंबर होता, पुन्हा पुन्हा गिरवून जाड झालेला. माहितीपत्रकात तो 'निराधार' होता. तो नंबर त्याच्या आईचा निघाला. नवरा गेल्यावर खोलीचं भाडं थकलं, तेव्हा कुणीतरी तिला हा पत्ता दिला होता. त्याच पत्रकात एका मुलामागे महिन्याला किती खर्च येतो तेही छापलेलं होतं. तिचं भाडं त्याच्या निम्म्याहून कमी होतं.