चेरीवर पाणी आणि नागाला दूध

जर्मनीत आल्यावरचा पहिलाच उन्हाळा. ऑफिसात वाटीभर चेरी संपवून मी पाण्याची बाटली उचलली, तर शेजारच्या टेबलवरच्या बाईंनी चक्क माझा हात धरला. चेरीवर पाणी प्यायचं नसतं, पोट बिघडतं! बाई रसायनशास्त्रात डॉक्टरेट. मला आमची आजी आठवली. ती टरबूज खाल्ल्यावर पाण्याला शिवू द्यायची नाही आणि जांब खाल्ला की पाण्याचा गुंडच उचलून आत न्यायची. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं खेडं आणि हे जर्मन शहर यांच्यातलं सात हजार किलोमीटरचं अंतर त्या दिवशी बरंच कमी झालं.

हे आठवायचं कारण म्हणजे यंदाची नागपंचमी. गावच्या ग्रुपवर पुतण्यानं टाकलं की साप दूध पीत नाही, वारुळावर दूध ओतणं हा 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि आपण लोक कधी सुधारणार नाही. मग काय, दोन दिवस नुसता धुराळा. शेवटी एका काकांनी मला मध्ये ओढलं. 'तू सांग न बाप्पा, तिकडचे लोकं असं काही मानतेत का?' परदेशात राहणारा माणूस म्हणजे गावाच्या लेखी आपोआप पंच असतो, त्याला त्या विषयातलं ढिम्म कळत नसलं तरी.

मी खरं ते लिहिलं. मानतात, भरपूर मानतात. इथं कोणाला वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नयेत, अपशकुन होतो. मी एकदा दिल्या, तर समोरच्या माणसाचा चेहरा असा पडला की जणू मी त्याची तेरवीच जाहीर केली. थंड दगडावर बसलं की मूत्राशयाचा आजार होतो, दोन खिडक्यांमधून आरपार वारा आला की मान धरते, हे इथं शिकलेली माणसं गंभीरपणे सांगतात. तीच माणसं ऐन हिवाळ्यात रोज सकाळी घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघडतात, नाहीतर भिंतीला बुरशी येते. यातला वारा नेमका कोणता चांगला आणि कोणता वाईट, हे मला अजून उमगलेलं नाही. लुफ्तान्साच्या विमानात तेरावी रांग नसते. सतरावीही नसते, कारण इटलीत तो आकडा अशुभ. आणि 1939च्या एका कायद्यानुसार वैद्यकीय पदवी नसलेला माणूस सरकारी आरोग्य खात्याची परीक्षा देऊन 'उपचारक' अशी पाटी लावू शकतो.

काका खूश झाले. पुतण्या रागावला. त्यानं मला खाजगीत लिहिलं, 'काका, तुम्ही त्याईच्या बाजूनं बोलून राहिले.'

त्याच्या बाजूनं बोलायचं तर त्याचा पहिला मुद्दा बरोबर आहे. दूध हा सापाचा आहारच नाही, ते त्याला नीट पचतही नाही. पुंगीवाला दाखवायचा तो नाग कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला असायचा, त्याच्यापुढं काहीही पातळ ठेवलं तरी त्यानं तोंड घातलं असतं. पुंगीचा सूर ऐकून तो डोलत नाही, हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून असतो. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते हीही थापच. ती बिनविषारी, उंदरांवर जगणारी. धान्याच्या कोठीजवळ दिसलेली धामण मारणं म्हणजे फुकटचा राखणदार घालवणं. पण दुसरा मुद्दा चुकला. वारुळावर दूध ओतण्याबद्दल तो कायदा काही म्हणत नाही. साप पकडून खेळ करणं हा 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा. जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत आहे ते वेगळंच: साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं. म्हणजे कायद्यानं बोट बरोबर ठेवलंय आणि आम्ही दोन दिवस वाटीभर दुधावर भांडलो.

चेरीवर पाणी न पिणाऱ्या बाईचं काय नुकसान होतं? घटकाभर तहान. आमच्याकडं काय होतं ते मी लहानपणी पाहिलंय. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. तिचे दात इतके बारीक की कधी खूण सापडत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, घरचे लिंबूपाणी देतात. पापण्या जड होतात, त्यांना वाटतं झोप येतेय. बाहेरची बाधा म्हणून जाणत्याकडं, म्हणजे मंत्र घालणाऱ्याकडं नेतात. तोवर श्वास थांबायची वेळ आलेली असते.

जाणत्याच्या मंत्रानं गुण येतो म्हणणारे खोटं बोलत नाहीत. चावलेल्या सापांपैकी बरेच मुळात बिनविषारी असतात. नाग-घोणसही दर वेळी विष सोडतातच असं नाही. म्हणजे बरीच माणसं मंत्र घातला तरी वाचणार आणि नाही घातला तरी वाचणार. वाचलेला गावभर सांगत फिरतो, मेलेला सांगायला येत नाही.

जर्मनांचीही अशीच एक म्हण आहे: वीज कडाडली तर ओक टाळा आणि बीचच्या झाडाखाली जा. तीही साफ चूक, तरी डोळ्यांनी पाहून बनलेली. बीचची साल गुळगुळीत, पावसात तिच्यावरून पाण्याचा थर वाहतो, वीज त्या थरातून उतरून गेली तर खूण राहत नाही. ओकची खडबडीत साल मात्र फाटते, म्हणून जंगलात फुटलेले ओकच दिसायचे. आपल्याकडं पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात आणि तोच पायाळू पाऊस आला की निंबाच्या झाडाखाली उभा राहतो. भारतात विजेनं वर्षाला अडीच हजारांहून जास्त माणसं मरतात, त्यात उघड्या वावरातली पुष्कळ. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' अॅप आधी सूचना देतं. नागपंचमीला जेवढे फोटो ग्रुपवर येतात, त्यांच्या दहाव्या हिश्श्यानं जरी त्या सूचना आल्या तरी पुरे.

साप चावून भारतात 2000 ते 2019 या काळात सरासरी वर्षाला 58 हजार माणसं गेली, असं मृत्यूंच्या देशव्यापी पाहणीवरून काढलेला अंदाज सांगतो. जर्मनीत विषारी साप दोनच जातींचे, आणि कोणी चावून मेल्याचं सहसा कानावर येत नाही. इथले लोक आमच्यापेक्षा शहाणे आहेत म्हणून हे घडत नाही. इथं कोणाला रात्री दोनला लाइट आली म्हणून अनवाणी जाऊन मोटार सुरू करावी लागत नाही, हरभऱ्याला पाणी द्यावं लागत नाही, डुकरांसाठी जागल करावी लागत नाही. रात्रीची लाइट हा अंधश्रद्धेचा विषय आहे असं पुतण्याला वाटत नाही. मला वाटायला लागलंय.

म्हणून मी ग्रुपवर एवढंच विचारलं: आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सापाच्या विषावरचं इंजेक्शन आज आहे का, हे कोणी पाहिलंय? 108ची गाडी यायला उशीर झाला तर रात्री कोणाची गाडी निघेल?

तासभर कोणी बोललं नाही. दुधासाठी सगळ्यात जोरात भांडलेल्या त्याच काकांचा मग मेसेज आला. 'माही बोलेरो हाय. चाबी आंगणातल्या खुंटीले असते, कोणीबी न्या.' खाली पुतण्याचा अंगठा. आता डिझेल कोणी टाकायचं, यावर वाद सुरू आहे.